रामफळाच्या रोपावर हनुमानफळाचं कलम कधी बांधायचं? कोल्हापूरच्या हवेत जमतंय का?

रंकाळाकाठची | 14 डिसेंबर, रात्री 9:52

आमच्या घरामागं परडं आहे, फार मोठं नाही, एक गुंठासुद्धा भरणार नाही, पण त्यात सासूबाईंनी लावलेलं रामफळाचं झाड आहे वीस-बावीस वर्षांचं आणि त्याच्या खाली दरवर्षी बी पडून रोपं उगवतात. यंदा त्यातली सात रोपं उपटून टाकली नाहीत, पिशव्यांत भरून ठेवलीत, आता पेन्सिलीएवढी जाड झालीत.

मागची गोष्ट अशी की सहा वर्षांपूर्वी आम्ही कोडाईकॅनालला गेलो होतो, तिथं रस्त्याकडेला एक आजी टोपलीत चेरिमोया घेऊन बसल्या होत्या, आपल्याकडं हनुमानफळ म्हणतात ते. सीताफळापेक्षा बिया कमी, गर सलग, चमच्यानं उचलून खाता येतो आणि गोडीच्या मागं किंचित आंबट चव. बिया आणून लावल्या, दोन उगवल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात दोन्ही वाळून गेल्या. मग एका नर्सरीतून हनुमानफळ म्हणून रोप आणलं, चार वर्षं पाणी-खत घालून वाढवलं, गेल्या साली फळ आलं ते काटेरी! ते मामफळ निघालं. मामफळाबद्दल माझं काही वाईट मत नाही पण चार वर्षं गेली त्याचं फार वाईट वाटलं.

आता ह्यांच्या मावशींच्या घरी पन्हाळ्याला खरं हनुमानफळाचं झाड आहे, फळं धरतात, मी स्वतः खाल्लंय. त्या म्हणतात पाहिजे तेवढ्या काड्या ने. माझे प्रश्न असे: रामफळाच्या रोपावर कलम जमेल का, कुठल्या महिन्यात करायचं, काडी कशी निवडायची आणि कलम कुठलं, पाचर की डोळा? मी आजवर फक्त गुलाबाला डोळा भरलाय, तोही तीन वेळा फसून चौथ्यांदा जमला.

शिरोळकर | 14 डिसेंबर, रात्री 10:20

ताई रोपं कुठं लावणार ते आधी बघा. रंकाळ्याच्या बाजूला काळी माती असली आणि पावसाळ्यात पाणी तुंबत असलं तर कलम कितीबी भारी बांधा उपयोग नाही. 2019 च्या पुरात आमच्या मळ्यात कडंची सीताफळाची अकरा झाडं पाण्यात हुती, पाणी उतरल्यावर आठ दिवस हिरवी दिसली मग एकदम पानं टाकली आणि सगळी गेली. मुळं कुजली हो. ह्या जातीला पाय ओले चालत नाहीत. उंचवटा करून लावा, खाली मुरूम घाला.

पन्हाळ्याचेआबा | 15 डिसेंबर, सकाळी 6:35

शिरोळकर बरोबर बोलले. आता कलमाचं सांगतो. तीस वर्षं मी नर्सरीत कलमं बांधली, त्यात आंबा सगळ्यात जास्त, सीताफळ-रामफळपण भरपूर आणि हनुमानफळ म्हणाल तर पन्नास-साठ बांधली असतील. तेवढ्यावर सांगतोय.

रामफळावर हनुमानफळ धरतंय. सीताफळाच्या रोपावरबी धरतंय पण सीताफळाचं खोड सावकाश वाढतंय आणि वरचं हनुमानफळ जोरात, मग काही वर्षांनी जोडाच्या वर फुगवटा येतोय, वर जाड खाली बारीक. रामफळाचं खोड जरा दांडगं असतंय म्हणून मी रामफळच धरतो. मामफळाच्या झाडावर मात्र बांधायला जाऊ नका. तुमच्याकडं ते मोठं झालंय म्हणून मोह होईल, पण त्याचं न् ह्याचं जमत नाही.

कधी बांधायचं हे सगळेजण महिना विचारून घेत्यात आणि लई जणं इथंच चुकत्यात. कॅलेंडर बघून कलम बांधू नका ताई, डोळा बघून बांधा. काडी, म्हणजे वर बांधायची फांदी, झोपलेली पाहिजे आणि खुंट, म्हणजे खालचं मुळाचं रोप, जागा झालेला पाहिजे. काडी आधी जागी झाली तर तिच्यातली शिदोरी कोंब काढण्यात संपते, खालनं पाणी मिळायच्या आत ती वाळते. खुंट झोपलेला असला तर जोड भरून यायला वेळ लागतोय आणि तोवर काडी सुकते.

हनुमानफळाच्या झाडाजवळ जाऊन एक पान हातात घ्या. पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवा, मखमलीसारखी लव लागेल, मामफळाचं पान गुळगुळीत चकचकीत असतंय, म्हणजे पुन्हा फसायला नको. मग ते पान देठापासनं हळूच मोडा. ह्या झाडाचा डोळा उघडा नसतोय. देठाचा बूड पोकळ असतोय आणि तो टोपीसारखा डोळ्यावर बसलेला असतोय. देठ निघालं की खाली बारीक, तांबूस लवेचा ठिपका दिसेल, कधी दोन-तीन ठिपके. तोच डोळा. देठ ओढूनसुद्धा निघत नसलं, साल फाटून येत असलं तर अजून वेळ आहे. हात लावल्याबरोबर सुटून आलं की वेळ झाली. आणि देठ पडून डोळ्यातनं हिरवं बाहेर आलं असलं तर ती काडी सोडून द्या.

आपल्याकडं हे संक्रांतीनंतर सुरू होतंय. संक्रांत झाली की आठवड्याला एकदा बघायला जायचं आणि होळीच्या आत सगळं उरकायचं. होळीनंतर कोल्हापुरात दुपारचा वारा तापतोय, त्यात नवं कलम टिकत नाही.

नवखा_माळी | 15 डिसेंबर, सकाळी 11:04

आबा हे वाचून मी खरंच परसात जाऊन सीताफळाचं देठ मोडून बघितलं, खाली डोळा लपलेला दिसला! इतकी वर्षं झाड दारात आहे आणि कधी बघितलं नव्हतं.

एक विचारायचंय, हनुमानफळ, लक्ष्मणफळ, मामफळ ह्यात माझा फार गोंधळ होतो. आमच्याकडं एक जण मामफळालाच लक्ष्मणफळ म्हणतो, दुसरा चेरिमोयाला लक्ष्मणफळ म्हणतो.

सॅनदिएगोकरीण | 15 डिसेंबर, रात्री 8:47

नावांचा गोंधळ खरा आहे, गावागणिक बदलतो, म्हणून शास्त्रीय नाव धरून चालावं. चेरिमोया म्हणजे अनोना चेरिमोला, सीताफळ अनोना स्क्वामोसा, रामफळ अनोना रेटिक्युलाटा, मामफळ अनोना म्युरिकाटा. सगळी चुलतभावंडं आणि सगळी मूळची अमेरिका खंडातली, आपण त्यांना रामायणातली नावं दिली इतकी ती आपली झाली. नर्सरीत रोप घेताना पाटीवरचं नाव वाचू नका, पानाची मागची बाजू बघा, आबांनी सांगितलं तशी.

मी मूळची शाहूपुरीतली, आता वीस वर्षं सॅन दिएगोत आहे. इथं किनाऱ्यालगत सांता बार्बरापर्यंत पुष्कळांच्या परसात चेरिमोया असतो. माझ्याकडं एका झाडावर चार जाती बांधल्यात, बूथ, पियर्स, डॉक्टर व्हाइट आणि फिनो दे हेते. ही शेवटची स्पेनमधली, ग्रॅनडा आणि मालागाच्या किनाऱ्यावर तिचीच लागवड सगळ्यात जास्त. इथं जानेवारी-फेब्रुवारीत हौशी लोक एकत्र येऊन काड्यांची देवाणघेवाण करतात, कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्स म्हणून 1968 पासूनची संस्था आहे तिच्या शाखा हे भरवतात. काड्या तेव्हा गोळा करायच्या, ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि कलम मात्र मार्च-एप्रिलमध्ये, परसातला खुंट हलायला लागला की. म्हणजे आबांचं सूत्र तेच, काडी झोपलेली खुंट जागा, फक्त आम्ही काडीला फ्रिजमध्ये झोपवून ठेवतो. आमचा मार्च-एप्रिल तुमच्या फेब्रुवारीसारखा समजा, इथले महिने तिथं लावू नका.

एक युक्ती माझ्याकडून. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच त्या फांदीची पानं कात्रीनं कापायची पण देठ ठेवायचं. नुसतं देठ राहिलं की ते आपोआप पिकून गळतं आणि डोळा थोडा फुगतो. तो फुगला की, उमलायच्या आत, काडी कापायची. अशा काडीचं कलम लवकर फुटतं.

कोणी मला काड्या पाठव म्हणायच्या आधीच सांगते, ते करता येत नाही. भारतात झाडांचे भाग, बिया, काड्या परवाना आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय आणायला प्लांट क्वारंटाईन ऑर्डर 2003 नं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. एक किडकी काडी अख्ख्या तालुक्याची सीताफळं घालवू शकते.

रंकाळाकाठची | 16 डिसेंबर, दुपारी 3:15

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मी वहीत उतरवून घेतलं. आज मुद्दाम सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांना वाटलं मी मोठ्या रामफळाच्या फांद्या तोडून त्यावर कलम करणार. त्या एवढंच म्हणाल्या की फेब्रुवारीत झाडाला फळं लागलेली असतात, रामनवमीपर्यंत उतरतात, त्या झाडाची फळं सासरे असल्यापासून गल्लीत वाटतात, तेव्हा मोठ्या झाडाला ब्लेड लावायचं नाही. मला ते पटलं. सात रोपांवरच करायचं ठरलंय. पण पुढं कोणाला मोठ्या झाडावर करायचं असेल तर कसं करतात तेही सांगा आबा, आणि प्रत्यक्ष काप कसा घ्यायचा तेसुद्धा.

पन्हाळ्याचेआबा | 17 डिसेंबर, सकाळी 6:10

सासूबाईंचं बरोबर आहे, फळावर आलेलं झाड तोडू नये.

मोठ्या झाडाचं थोडक्यात सांगतो. सगळं झाड एकदम मुंडकं मारून टाकायचं नाही. एक-दोन फांद्या पानांसकट ठेवायच्या, त्या मुळांना जगवतात, आम्ही पोशिंदी फांदी म्हणतो. बाकीच्या कापल्या की खालनं नवी फूट येते, त्यातली चांगली धरायची आणि पुढच्या साली त्या फुटीवर कलम बांधायचं. जाड फांदीवर थेट बांधायला लई जणं बघत्यात, सालीत काडी खुपसतात, पण त्याला साल सुटायला पाहिजे म्हणजे रस चढलेला पाहिजे आणि तोवर उन्हाळा आलेला असतोय.

आता तुमच्या रोपांचं. पाचर कलम करा, डोळ्याच्या नादाला लागू नका. डोळा भरता येतोय पण ह्याची साल जाड न् पिठूळ, नव्या माणसाला जमत नाही.

काडी गेल्या सालच्या वाढीची घ्या. हिरवी नको, ती कवळी असते, आणि लई जुनी खरबरीतबी नको. राखाडी-तपकिरी, पेन्सिलीएवढी, वीतभर न् तिच्यावर तीन-चार डोळे. नखानं जरा खरवडून बघा, आत हिरवंगार पाहिजे. खुंट जमिनीपासनं वीतभर उंचीवर आडवा कापा, पण खाली दोन-तीन पानं राहूद्यात. मग मधोमध उभी चीर, दीड इंच. काडीला दोन्ही बाजूंनी तेवढीच तासून पाचर करा. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, तासायचं एका ओढीत. ब्लेड दहा वेळा खालीवर केलं की काप लाटांसारखा होतोय आणि मध्ये फट राहते. आधी वाळलेल्या नाही तर फेकायच्या काड्यांवर पन्नास काप घ्या, हात बसला की खऱ्या काडीला हात लावा. ह्या लाकडाच्या मधी भेंड असतंय, मऊ असतंय, ब्लेड सरकतंय, बोट सांभाळा.

पाचर चिरेत बसवताना खुंट जाड आणि काडी बारीक असली तर मधोमध बसवू नका. एका बाजूला सरकवा, सालीखालची जी हिरवी रेघ दिसते ती रेघ रेघेला लागली पाहिजे. जोड तिथनंच भरतोय. आतलं लाकूड लाकडाला कितीबी चिकटवा, ते जोडत नाही. आणि काप घेतल्यावर बोलत बसू नका, ह्याचा काप बघता बघता तांबडा पडतोय. कापला की बसवायचा, बसवला की पट्टी आवळायची. पट्टी खालनं वर गुंडाळा म्हणजे पाणी आत जाणार नाही. वरनं काडीवर पेप्सीची पिशवी घाला, लहान मुलं चोखत्यात ती, आणि खाली सैल बांधा. आत दव साठलेलं दिसलं की समजायचं काडी जिवंत आहे. सावलीत ठेवा. पाणी पिशवीच्या कडेनं, बेतानं.

खुंटावर खालनं फूट येईल. ती नखानं खुडत राहायची. ती दिसायला तजेलदार असते, जीव होत नाही खुडायला, पण ती रामफळाची आहे, ठेवली तर वरची काडी उपाशी मरते.

कलमवाला_आजरा | 19 डिसेंबर, रात्री 9:30

आबांच्या बांधणीबद्दल काही म्हणायचं नाही, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आमच्याकडं कामाला आहेत. पण ताई, एक स्पष्ट सांगतो कारण नंतर तुम्ही निराश व्हायला नको. चेरिमोया हे थंड डोंगराळ भागातलं फळ आहे. त्याचं नावच मुळी क्वेचुआ भाषेतलं, चिरी म्हणजे थंड आणि मुया म्हणजे बी, असं सांगतात. पेरू-इक्वेडोरच्या डोंगरात ते समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटरवर छान येतं. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा बराच उंच आहे, तिथं धुकं आहे, रात्री गार आहेत, म्हणून मावशींच्या झाडाला फळं धरतात. रंकाळ्यावर एप्रिलात दुपारी 38-39 अंश झाले की त्याची फुलं करपतात. झाड जगेल, वाढेल, पण फळाला हात आखडता घेईल.

म्हणून सातही रोपांवर शुद्ध हनुमानफळ बांधू नका. निम्म्यांवर सीताफळ-चेरिमोया संकराची काडी बांधा, त्याला अॅटेमोया म्हणतात. हा संकर पहिल्यांदा 1908 साली पी. जे. वेस्टर यांनी अमेरिकेत मायामीला केला. चव चेरिमोयाकडं झुकणारी आणि उष्णता सोसायची ताकद सीताफळाची. आपल्याकडं बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेलं अर्का सहन आहे, त्याची आई आयलंड जेम नावाचा अॅटेमोया आणि बाप मॅमथ सीताफळ. बिया कमी, गर घट्ट, गोडी भरपूर. आजऱ्यात माझ्या दारात आहे, काड्या मी देईन, पैसे नकोत.

आणि वेळेबद्दल आबांशी थोडा मतभेद. होळीनंतर नाही हे खरं, पण जूनमध्ये पाऊस लागल्यावर कोवळ्या फुटीवर मी शेंडा कलम करतो, तेही जमतं. हवेत दमटपणा असतो त्यामुळं काडी वाळत नाही.

पन्हाळ्याचेआबा | 20 डिसेंबर, सकाळी 6:22

जूनचं आजऱ्यात जमतंय, नाही म्हणत नाही. पण तिकडं पाऊस बारीक लागून राहतोय आणि तुम्ही शेडमधी बांधताय. परसात उघड्यावर जूनमध्ये बांधलं की चिरेत पाणी जातंय आणि जोड काळा पडतोय. नवीन माणसानं फेब्रुवारीतच करावं, फसलं तर जून हाताशी राहतोय. आणि निम्म्यावर अर्का सहन बांधा हे एकदम बरोबर सांगितलं. मी पन्हाळ्याचा माणूस, मला खाली एवढं तापतंय हे ध्यानातच आलं नाही.

रंकाळाकाठची | 11 फेब्रुवारी, रात्री 10:05

झालं एकदाचं! सविस्तर लिहिते कारण पुढं कोणाला उपयोग होईल.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पन्हाळ्याला गेले, देठ मोडून बघितलं तर साल फाटून आली, म्हणजे वेळ नव्हती. पुढच्या रविवारी दहा फांद्यांची पानं कापली, देठं ठेवली, प्रत्येक फांदीला लाल लोकर बांधली म्हणजे मावशी चुकून तोडायला नकोत. बारा दिवसांनी गेले तर निम्मी देठं खाली पडली होती, उरलेली बोट लावल्याबरोबर पडली. खाली डोळे फुगलेले, मुगाच्या दाण्याएवढे, वर तांबूस मऊ लव. मी तिथंच बसून किती वेळ बघत होते. सहा काड्या घेतल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि स्कूटरच्या डिकीत न ठेवता खांद्याच्या पिशवीत आणल्या कारण डिकी तापते. दुसऱ्या दिवशी आजऱ्याहून एसटीच्या पार्सलनं अर्का सहनच्या पाच काड्या आल्या, दादा तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर बसले. त्याआधी आठवडाभर जास्वंदीच्या आणि पेरूच्या काड्यांवर रोज काप घेत होते, साठ तरी घेतले असतील. पहिल्या रोपाला हात थरथरत होता. चीर जरा वाकडी गेली. दुसऱ्यापासून बरं जमलं. काप खरंच दोन मिनिटांत तांबडा पडतो, पहिल्या वेळी मी पट्टी शोधत बसले आणि तेवढ्यात रंग बदलला, मग पट्ट्या आधीच कापून पदराला लावून ठेवल्या. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून पिशव्या धरत होत्या. चार रोपांवर हनुमानफळ आणि तिघांवर अर्का सहन. सगळी रामफळाच्या सावलीत ठेवलीत, वरून ग्रीननेट.

शिरोळकर | 11 फेब्रुवारी, रात्री 10:31

नाद खुळा ताई! आता रोज पट्टी सोडून बघू नका तेवढं.

रंकाळाकाठची | 9 मार्च, संध्याकाळी 7:18

बातमी मिश्र आहे. तीन अर्का सहन तिन्ही फुटले, एकाला तर चार पानं आलीत. हनुमानफळाची दोन काळी पडली, एक हिरवी आहे पण हालचाल नाही आणि एकाला कोंब आला होता, बोटाच्या पेराएवढा, परवापासून मान टाकलीय. पहिलं जे वाकडं कापलं होतं ते काळ्या दोनांत आहे. दुसरं काळं का पडलं कळत नाही, तो काप चांगला होता. मला फार वाईट वाटतंय, मावशींनी विश्वासानं दिल्या होत्या काड्या.

पन्हाळ्याचेआबा | 10 मार्च, सकाळी 6:15

वाईट वाटून घेऊ नका, सातातली पाच अजून उभी आहेत. पहिल्या वर्षी माझी वीसातली तीन जगली हुती.

काळं पडलेलं दुसरं, त्याची पिशवी काढून जोडाजवळ बघा, मुंग्या आहेत का? मुंग्या असल्या की पांढरा पिठ्या ढेकूण असणार, मुंग्याच त्याला जागोजागी नेऊन बसवत्यात. ओल्या कापडानं पुसून काढा आणि पिशव्या विटेवर ठेवून भोवती पाण्याची ताटली करा. मान टाकलेल्याचं वेगळं आहे, कोंब आला म्हणून तुम्ही पेप्सीची पिशवी पुरती काढली असणार. तसं नाही करायचं. आधी वरचं टोक कात्रीनं कापायचं, चार-पाच दिवस तसंच, मग काढायची. आत दमट हवेत वाढलेला कोंब एकदम वाऱ्यावर आला की मान टाकतोय. आता पुन्हा पिशवी घाला, टोक उघडं ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ फवारा. हिरव्या आणि गप्प बसलेल्याला हात लावू नका. कधी कधी दोन-दोन महिने बसतंय.

रंकाळाकाठची | 10 मार्च, सकाळी 9:40

मुंग्या आहेत आबा. आणि पिशवी मी पुरतीच काढली होती. लगेच घालते.

नवखा_माळी | 22 एप्रिल, दुपारी 1:12

ताईंच्या धाग्यात घुसतोय, पण इथंच माणसं आहेत. माझ्या मामांकडं गडहिंग्लजला हनुमानफळाचं सात वर्षांचं झाड आहे, फुलं ढीगभर येतात आणि सगळी गळतात. फळ एक नाही. कलमाचा दोष असेल का?

सॅनदिएगोकरीण | 22 एप्रिल, रात्री 8:20

कलमाचा दोष नाही, परागीभवनाचा आहे. ह्याचं एकच फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. पहिल्या दिवशी पाकळ्या थोड्याशाच विलग होतात, तेव्हा ते पराग घ्यायला तयार असतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाकळ्या पूर्ण उघडतात आणि पराग मोकळे होतात, तेव्हा त्याची घ्यायची वेळ गेलेली असते. मूळ ठिकाणी बारीक भुंगेरे हे काम करतात, बाकीच्या ठिकाणी माणसालाच करावं लागतं. माझ्याकडं मी दरवर्षी हातानं करते, स्पेनमध्येसुद्धा मोठ्या बागांत हातानंच करतात.

संध्याकाळी पूर्ण उघडलेली फुलं एका वाटीत हलकेच झटका, पिवळसर पराग पडतील. बारीक रंगकामाचा ब्रश घ्या. वाटी रात्री झाकून फ्रिजमध्ये. सकाळी ऊन चढायच्या आत ज्या फुलांच्या पाकळ्या नुसत्या किलकिल्या झाल्यात त्यात ब्रश घालून गोल फिरवा, सगळ्या बाजूंनी लागलं पाहिजे, एका बाजूला लागलं तर फळ वाकडं होतं. गडहिंग्लजला उन्हाळ्यात हवा कोरडी असेल तर आदल्या संध्याकाळी झाडाखाली पाणी मारा. फळ धरलं तर पिकायला पाच ते आठ महिने लागतात. झाडावर पिकायची वाट बघू नका, हिरवा रंग फिकट पिवळसर झाला की उतरवा आणि घरात चार-पाच दिवस ठेवा.

आणि मामांच्या घरी लहान मुलं असतील तर बिया इकडंतिकडं टाकू नका. त्या विषारी असतात, पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते.

नवखा_माळी | 3 मे, रात्री 9:02

मामा रोज सकाळी सहाला ब्रश घेऊन शिडीवर चढतात. 31 फुलं केली, त्यातली 9 अजून फांदीवर आहेत, सुपारीएवढी झालीत!! मामी म्हणतात सात वर्षांत पहिल्यांदा.

कलमवाला_आजरा | 4 मे, सकाळी 7:45

वळीव जोरात यायला लागलाय, ज्यांची कलमं आहेत त्यांनी काठीचा आधार द्या, जोड अजून कच्चा असतो, वाऱ्याचा एक झोत पुरतो. मोठ्या झाडांच्या कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा पावसाआधी, 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात करा, लोखंडी बादली नको.

रंकाळाकाठची | 28 जून, संध्याकाळी 6:50

खूप दिवसांनी लिहितेय. अर्का सहन तिन्ही मजबूत आहेत, फूटभर वाढ झाली. मान टाकलेलं हनुमानफळ सावरलं, आता सात पानं आहेत. आणि आबा, जे हिरवं आणि गप्प होतं ते 2 मे ला फुटलं! ऐंशी-एक्याऐंशी दिवस बसून होतं. मी रोज बघायचे आणि रोज तसंच असायचं, सासूबाई म्हणायच्या टाकून दे, मग एका सकाळी त्याच हाक मारून म्हणाल्या, ये गं लवकर, तुझं झोपलेलं उठलं.

एक अर्का सहन शिरोळकरांनी सांगितलं तसं मुरुमाच्या उंचवट्यावर परड्यात लावलं. दोन ठेवलीत, एक गल्लीतल्या शाळेला द्यायचंय. हनुमानफळाची दोन्ही पावसाळा संपला की पन्हाळ्याला मावशींकडं नेऊन लावणार, तिथंच ती सुखात राहतील. काळ्या पडलेल्या दोन्हींना खालून रामफळाची फूट आलीय ती खुडली नाही, पुढच्या संक्रांतीला त्यावरच परत बांधीन.

पन्हाळ्याचेआबा | 29 जून, सकाळी 6:05

पट्ट्या सोडल्या का? चार महिने झाले. आता खोड फुगतंय, पट्टी तशीच राहिली तर रुतून बसते आणि तिथनंच मोडतंय.

रंकाळाकाठची | 29 जून, सकाळी 8:12

नव्हत्या सोडल्या. आत्ता जाऊन सोडल्या, पाऊस उघडलाय तेवढ्यात. ब्लेडनं काडीच्या उलट बाजूला उभी चीर दिली, पट्टी आपोआप सुटून आली. चौघांवर नुसता पांढरट वळ आहे, एका अर्का सहनवर मात्र चांगलीच रुतली होती, अंगठी घट्ट झाल्यावर बोटावर उमटते तशी खोल रेघ. जोडाच्या जागी साल भरून आलीय, हात फिरवला की जरा उंच लागतं, डोळ्यांना रामफळ कुठं संपलं ते नीट बघितल्याशिवाय कळत नाही. रुतलेल्याला काठी लावलीय. फोटो रात्री टाकते.